मेजरांचा शोधनिबंध

आमच्या नियतकालिकाचा पहिला अंक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा पहिला वाचक पोलीस खात्यातला होता.

झालं असं. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एम.ए.ला होते. विषय राज्यशास्त्र, त्यातही सुरक्षा अभ्यास. मी आणि माझा एक वर्गमित्र, आम्ही दोघांनी मिळून विद्यार्थ्यांचं एक शोधनियतकालिक सुरू केलं होतं. विषय दहशतवाद आणि सुरक्षा, वर्षातून दोन अंक, लेखक फक्त विद्यार्थी. आलेला प्रत्येक निबंध लेखकाचं नाव झाकून दोन परीक्षकांकडं जाणार, हा नियम आम्ही पहिल्याच बैठकीत केला होता. पहिला अंक कसाबसा निघाला. दुसऱ्यासाठी निबंध मागवायचे म्हणून वर्गमित्रानं पोस्टर केलं. वर मोठ्या तांबड्या अक्षरांत ‘दहशतवाद’. मध्ये बारीक अक्षरांत ‘आणि सुरक्षा या विषयांवर अभ्यासपूर्ण निबंध लिहिणारे’. खाली पुन्हा मोठ्या अक्षरांत ‘विद्यार्थी हवेत’. त्याखाली माझा मोबाइल नंबर.

जवळून वाचलं तर त्यात काहीच वावगं नव्हतं. पण पोस्टर लावलं होतं एसटी स्टँडवर, आणि तिथं माणसं लांबूनच वाचतात.

तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यांतले एक पोलीस विभागात आले. पोस्टरचा फोटो मोबाइलवर दाखवून म्हणाले, “ह्यो नंबर तुमचा का?”

“हो.”

“कशासाठी विद्यार्थी पायजेत तुमाला?”

मी पहिला अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी खुर्ची ओढली, चहा घेतला आणि तासभर तो अंक वाचला. अगदी टिपांसकट. मग उठताना एका पानावर बोट ठेवून म्हणाले, “इथं ‘सुरक्षा’चा काना गळालाय. आणि पोस्टरवरची सगळी अक्षरं एका मापाची करा.” आम्ही त्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन पोस्टर काढून आणलं. वर्गमित्र आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही, कारण मी येता-जाता हसत होते.

घरी या उद्योगाचं कुणाला फारसं कळत नव्हतं. आमचं घर गडमुडशिंगीत. वडील एका कारखान्यात वायरमन. मी दहशतवाद शिकते हे आई शेजारच्या बायकांना सांगायचीच नाही, ‘कॉलेजात काहीतरी पुस्तक काढतीय’ एवढंच सांगायची. वडिलांनी मात्र पहिल्या अंकाची एक प्रत नेऊन विहारातल्या वाचनालयात ठेवली. तिथल्या कपाटात बाबासाहेबांचे खंड होते, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं होती. त्यांच्याशेजारी आमचा बहात्तर पानांचा अंक. मी म्हटलं, “अण्णा, तिथं कोण वाचणार ते?” ते म्हणाले, “वाचणारा कोन ते तू नगं ठरवू. छापलंस न्हवं? मग जाग्यावर पायजे.”

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की त्या दिवसांत माझी मान फार ताठ होती. आपण संपादक आहोत, आपण लोकांचं लिखाण तपासतो, स्वीकारतो, नाकारतो. आणि त्या ताठ मानेनंच मी ते पत्र लिहिलं.

दुसऱ्या अंकासाठी आलेल्या निबंधांत एक हस्तलिखित होतं. रेघी फुलस्केप कागद, निळी शाई, अक्षर एकसारखं, चाळीसेक पानं. नियमाप्रमाणे लेखकाचं नाव वर्गमित्राकडं राहिलं, माझ्याकडं फक्त पानं आली. निबंध होता डोंगराळ भागातला रस्ता रोज सकाळी तपासून वाहतुकीसाठी मोकळा करणाऱ्या सैनिकांच्या तुकडीविषयी. रस्त्यात सुरुंग पेरलेला असू शकतो, म्हणून ताफा जायच्या आधी ही माणसं पायी चालत मैलोन्‌मैल रस्ता बघतात. लेखकानं ते सगळं पाहिल्यासारखं लिहिलं होतं. पण संदर्भ एकही नाही. आधी कुणी काय संशोधन केलंय त्याचा पत्ता नाही. निष्कर्ष कुठं सुरू होतो आणि हकिकत कुठं संपते ते कळत नव्हतं.

दोन्ही परीक्षकांनी नापास केला. एकानं लिहिलं, ‘हा शोधनिबंध नाही, या आठवणी आहेत.’ नकाराचं पत्र माझ्या सहीनं जायचं होतं. परीक्षकांचं म्हणणं उतरवल्यावर मी थांबायला हवं होतं. मी खाली स्वतःची एक ओळ घातली: ‘लेखकाने प्रथम संशोधनपद्धतीचा प्राथमिक अभ्यास करावा.’ ती लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

पंधरा दिवसांनी, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, सकाळी अकराच्या सुमारास एक गृहस्थ विभागाच्या दारात उभे राहिले. पन्नाशीच्या आतले, पाठ सरळ, केस बारीक कापलेले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेलं पत्र.

“संपादक कोन हाईत हितं?”

“मीच.”

“तुमी?” त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा पत्रावरच्या सहीकडं बघितलं. “ह्ये पत्र तुमीच लिवलंय?”

मी ‘हो’ म्हटलं. वर्गमित्र माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हे भांडायला आलेत, असं आम्हा दोघांनाही वाटलं. ते ओळखून ते म्हणाले, “भांडायला न्हाय आलो. ह्यात लिवलंय, संशोधनपद्धतीचा प्राथमिक अभ्यास करावा. मग करायलाच आलोय. कुठनं सुरू करायचा?”

मी त्यांना बसायला खुर्ची दिली एवढंच आठवतं.

ते राधानगरी तालुक्यातले. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण गावाकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजरच म्हणतात, म्हणून तेही मेजर. घरची भातशेती, चार म्हशी. निवृत्तीनंतर त्यांनी बाहेरून बी.ए. केलं होतं आणि आता बाहेरूनच एम.ए. करत होते. म्हणजे विद्यार्थी होते, आमच्या नियमात बसत होते. ओळखपत्राची झेरॉक्स त्यांनी निबंधासोबत जोडलेली होती. पोस्टर त्यांनी स्टँडवरच बघितलं होतं. “लांबनं वाचलं आनि दचकलो,” म्हणाले. “मग म्हटलं, जवळ जाऊन तरी बघू.”

आमचे विभागप्रमुख सज्जन माणूस. त्यांना हे कळल्यावर त्यांनी सोपा मार्ग काढला. म्हणाले, “परीक्षणाच्या भानगडीत कशाला पडता? अंकात ‘एका जवानाचे अनुभव’ असं वेगळं सदर करा. वर्दीतला फोटो छापा. लोक आवडीनं वाचतील.”

मला ते पटलंही होतं. अपराधी वाटत होतं, ते तेवढ्यात फिटलं असतं. मी मेजरांना तसं सांगितलं.

“म्हंजे बाकीच्यांचं तपासून घेणार आनि माझं तसंच घेणार?”

“तसं नाही, वेगळा विभाग…”

“नगं. मी लायनीत हुबा ऱ्हातो. सवय हाय.”

मग दर गुरुवारी ते यायला लागले. पहाटे म्हशींच्या धारा काढून, डेअरीत दूध घालून, पहिल्या एसटीनं. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला असायचा, तरी अकराच्या आत ग्रंथालयात हजर. मी त्यांना शिकवत होते असं म्हणायचं. दावा म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, टीप कशी द्यायची, दुसऱ्याचं वाक्य आपल्या वाक्यापासून वेगळं कसं ठेवायचं. एकदा ते वैतागले.

“मी सोता बघितलंय त्येला आनि पुरावा कशाला?”

“कारण तुमचं बघणं हे एका माणसाचं बघणं झालं, मेजर. त्याच रस्त्यावर दुसऱ्याला वेगळं दिसलं असेल तर?”

ते विचार करत घरी गेले. पुढचे दोन गुरुवार आले नाहीत. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या गुरुवारी आले ते दोन वह्या घेऊन. त्यांच्या तालुक्यात निवृत्त फौजी पुष्कळ. मोटरसायकलवर गावोगाव फिरून ज्यांनी तसलंच काम केलं होतं त्यांना ते भेटले होते. प्रत्येकाला तेच दहा प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येकाची ‘माझं म्हणणं वापरायला हरकत नाही’ अशी सही. दोघांनी बोलायला नकार दिला होता. त्यांचीही नोंद होती: ‘बोलायचे नाही म्हणाले. चहा दिला.’

आम्ही वर्गात संशोधनपद्धतीचा पेपर लिहून पहिल्या श्रेणीत आलेली माणसं. आमच्यातल्या एकानंही तोवर कुणाची अशी मुलाखत घेतलेली नव्हती.

त्या वह्यांतून जे निघालं ते मेजरांनाही नवीन होतं. आधी त्यांनी लिहिलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो शिस्तीमुळं आणि यंत्रांमुळं. पण भेटलेला जवळजवळ प्रत्येक जण वेगळंच सांगत होता. सकाळी दुकानाचं शटर रोजच्या वेळेला उघडलं का, पोरं शाळेला नेहमीच्याच वाटेनं चालली का, म्हातारा बाकावर बसलाय का, यावरून त्यांना आधी कळायचं. आणि हे कळायचं कधी, तर त्या वस्तीची ओळख असेल तेव्हा. ज्या तुकडीनं लोकांना वाईट वागणूक दिली, तिला ती खूण दिसायची बंद व्हायची; लोक घरातच बसायचे, मग रोजचा दिवस आणि धोक्याचा दिवस सारखाच दिसायचा. मेजरांनी स्वतःच्या पहिल्या निबंधातला निष्कर्ष स्वतः खोडला. मी म्हटलं, थोडा ठेवा की. ते म्हणाले, “चुकलंय तर ठेवायचं कशाला?”

जागांची नावं, वेळा, साधनं, यांतलं काहीही निबंधात राहू नये याची काळजीही त्यांनीच घेतली. आमच्या मार्गदर्शक बाईंनी त्यांना विचारलं, “यात गुप्त ठेवायला हवं असं काही नाही ना?” त्यांनी काळ्या पेनानं खोडलेली पानं पुढं केली. “शंका आली की खोडलंय.”

ग्रंथालयात बसल्या बसल्या ते आमच्या अंकाची इतर मुद्रितंही वाचायचे. वर्गमित्राचा एक निबंध त्या अंकात होता, चांगला होता, आम्हाला त्याचा अभिमान होता. त्यात एक वाक्य होतं: ‘या कारवाईत तीन दहशतवादी निष्प्रभ करण्यात आले.’

मेजरांनी विचारलं, “निष्प्रभ म्हंजे काय केलं?”

“मारले,” वर्गमित्र म्हणाला.

“मग मारले लिवा की.”

“ती या विषयातली शास्त्रीय भाषा आहे, मेजर. सगळीकडं असंच लिहितात.”

मेजरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघा. ज्यानं गोळी घातली त्यानं शब्द बदलला तर मी समजू शकतो. त्येला झोप लागायला पायजे. तुमी का बदलताय?”

ग्रंथालयात आमच्याखेरीज कुणी नव्हतं. वर्गमित्रानं मुद्रित पुढं ओढलं आणि ती ओळ बदलली. त्याच आठवड्यात आम्ही लेखकांसाठीच्या सूचनांत एक सूचना वाढवली: ‘माणूस मारला गेला असेल तर मारला गेला असेच लिहावे, तो कोणत्याही बाजूचा असो.’ ती सूचना आजही तिथं आहे. परीक्षकांनी तिच्यावर वाद घातले, दोन लेखकांनी तिच्यामुळं निबंध मागं घेतले. आम्ही ती काढली नाही.

निबंध दुरुस्त होऊन पुन्हा परीक्षणाला गेला तेव्हा मी निर्णयातून बाहेर राहिले. इतके गुरुवार त्यांच्याबरोबर बसल्यावर मला त्यात मत देणं बरोबर नव्हतं. बाई आणि वर्गमित्र यांनी काम बघितलं. परीक्षकांपैकी एक पहिल्या वेळचाच होता, ‘या आठवणी आहेत’ म्हणणारा. लेखक कोण हे त्याला पहिल्या वेळी माहीत नव्हतं आणि या वेळीही नाही. त्यानं सहा पानं प्रश्न पाठवले. त्यांतले तीन प्रश्न त्याला खरंच पडलेले, बाकीचे नुसते जड. मेजरांनी सगळ्यांना उत्तरं दिली, नंबर घालून. जिथं उत्तर नव्हतं तिथं लिहिलं, ‘मला माहीत नाही.’

दुसऱ्या फेरीनंतर त्या परीक्षकाचं उत्तर आलं ते मी उभ्यानंच वाचलं. ‘स्वीकारावा. लेखकाची परवानगी असल्यास हा निबंध मला वर्गात शिकवायला वापरायचा आहे.’

या सगळ्यात दुसरा अंक निघून गेला होता. मेजरांचा निबंध तिसऱ्यात आला. त्यांना फोन केला तेव्हा ते गोठ्यात होते. “आला का?” एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, “पास म्हणायचं न्हवं?” मी म्हटलं, “व्हय, मेजर. पास.” माझ्या तोंडून ‘व्हय’ गेलं ते मला नंतर कळलं.

प्रकाशनाला आम्ही पाहुणे बोलावले नाहीत. विभागातल्याच हॉलमध्ये लेखकांनी आपापल्या निबंधातली दोन-तीन पानं वाचायची, असं ठरवलं. मेजर पांढराशुभ्र शर्ट घालून आले, सोबत त्यांच्या पत्नी. विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसले होते, वर्दीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मेजरांनी वाचलं ते कागद दोन्ही हातांनी धरून, सावकाश, स्वल्पविरामावर थांबून. वाचून झाल्यावर पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, “सर, भीती वाटायची का?”

“रोज,” ते म्हणाले. “ज्येला वाटायची बंद झाली त्येला आमी पुढं चालू देत न्हवतो.”

कार्यक्रम संपल्यावर सगळे चहाकडं गेले. त्यांच्या पत्नी मात्र खुर्चीतच बसून होत्या, अंक मांडीवर उघडा. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. म्हटलं, “काकू, चहा आणू?”

त्या पानावरून नजर न काढता म्हणाल्या, “एवढी वर्सं मला सांगत व्हते, रस्त्याचं काम हाय. फोन केला की तेच. काय करतासा? रस्त्याचं काम. मला वाटायचं डांबर टाकत्यात.”

त्या हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला. मग परत हसल्या. “आज कळलं बघा मला. चारचौघांत बसून कळलं.”

मेजर लांबून आमच्याकडं बघत होते. जवळ यायचं धाडस त्यांना होईना. शेवटी काकूंनीच त्यांना हाक मारली आणि म्हणाल्या, “अजून एक पुस्तक घ्या. माहेरी द्यायचं हाय.”

मी आयुष्यात पुढं काय काय करेन मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्या हॉलमध्ये मला माझ्या कामाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कशाचाच वाटला नव्हता. तो निबंध मी लिहिलेला नव्हता. मी तर तो नाकारला होता. पण तो जिथं छापून आला ती जागा आम्ही तयार केली होती. ती जागा नीट ठेवली, मागच्या दारानं कुणाला आत घेतलं नाही, म्हणूनच मेजरांना तिथं यावंसं वाटलं.

पुढं दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधक बाईंनी त्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर मागितलं. ते मी, वर्गमित्र आणि मेजर अशा तिघांनी मिळून केलं. प्रत्येक ओळ मेजरांनी आमच्याकडून मराठीत परत सांगून घेतली, मगच पुढं जाऊ दिलं. मेजर एम.ए. झाले. आता ते नियतकालिकाचे परीक्षक आहेत. त्यांचे अभिप्राय अजून फुलस्केपवर येतात, आणि ज्या निबंधाला नकार द्यायचा असतो त्याच्यावर ते सगळ्यात जास्त लिहितात. वर्गमित्र पीएच.डी. करतोय. अंक आता आमच्यानंतरची तिसरी तुकडी काढते.

गेल्या वर्षी मी प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. समितीतल्या एकांनी माझा अर्ज चाळून विचारलं, “हे विद्यार्थ्यांचं नियतकालिक तुम्ही सगळ्यात वर लिहिलंय. मान्यताप्राप्त यादीत आहे का?”

“नाही.”

“मग याचे गुण धरता येणार नाहीत.”

“माहीत आहे, सर. तरी वरच राहू द्या.”

त्यांच्या शेजारी समितीतल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, “त्यात असं काय आहे?” मी सांगायला सुरुवात केली. रस्त्यावर चालणाऱ्या तुकडीचं, मोटरसायकलवरून घेतलेल्या मुलाखतींचं, ‘मारले लिवा की’चं. ठरलेली वेळ संपली तरी कुणी थांबवलं नाही. ती जागा मला मिळाली नाही. नंतर हातकणंगल्याकडं मिळाली, आणि तिथं मी सुखात आहे. पण त्या दिवशी बाहेर पडताना त्या बाई माझ्यामागं दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “तो तिसरा अंक वाचायला मिळेल का?”

माझ्या बॅगेत एकच प्रत होती, माझी स्वतःची, समासात पेन्सिलनं लिहिलेली. ती दिली नाही. त्यांचा पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पोस्टानं कोरी प्रत पाठवली.